घरी चांगली कॉफी करायचीय? मशीन घ्यायच्या आधी हे वाचा

बंगळूरला एखाद्या दर्शिनीत, म्हणजे छोट्या उपाहारगृहात, उभ्याउभ्या किंवा पुण्या-मुंबईच्या कॅफेत कॉफी प्यायलात, ती आवडली आणि आता तशीच घरी हवीय, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत कॉफी म्हणजे उकळत्या दुधात इन्स्टंट पावडर, सढळ साखर आणि वर किसलेलं जायफळ. तिची मजा वेगळी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण त्या वाटेने कॅफेची चव येत नाही, मग ब्रँड कितीही महागाचा घ्या. इन्स्टंट म्हणजे कारखान्यात आधीच करून वाळवलेली कॉफी. आपण ती फक्त विरघळवतो.

हे कळलं की माणूस लगेच मशीन शोधायला लागतो. तिथेच थांबा. घरच्या कॉफीत पैसे घालायचा क्रम असा आहे: आधी ताजी कॉफी, मग दळण, मग वजनकाटा आणि सगळ्यात शेवटी भांडं. बहुतेक जण नेमके उलटे जातात. ओट्यावर चकचकीत मशीन असतं आणि फडताळात आठ महिन्यांपूर्वी फोडलेलं पाकीट. मग “घरी काही जमत नाही बुवा” म्हणत मशीन माळ्यावर जातं.

१. आधी ठरवा: दुधाची की बिनदुधाची?

कॉफी कुठली घ्यायची, किती बारीक दळायची, भांडं कुठलं, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं. दुधात टिकायची तर कॉफी दाट आणि तगडी लागते. तिथे गडद भाजणी, थोडा रोबस्टा (कॉफीची कडक जात), थोडी चिकोरी (कॉफीत मिसळायची भाजलेली मुळी), सगळं चालतं. तीच कॉफी बिनदुधाची प्यायला घ्याल तर दुसऱ्या घोटाला कप खाली ठेवाल. उलट मळ्याच्या नावाने विकली जाणारी हलक्या भाजणीची महाग अरेबिका, म्हणजे कॉफीची सुगंधी जात, दुधात घातली, की तिचा सगळा नाजूकपणा दुधाखाली बुडतो आणि हातात येतं कोमट, जरा आंबूस दूध.

घरात आजवर चहाच चालत आला असेल तर दुधाच्या फिल्टर कॉफीपासून सुरुवात करा. खर्च कमी, चुकायला वाव कमी, आणि घरातल्या बाकीच्यांनाही ती आवडते. काळी कॉफी प्यायली तरच तुम्ही दर्दी, असं सांगणारे भेटतील. त्यांना हसून कॉफी विचारा आणि आपला पेला भरा.

२. काय काय लागेल

- स्टीलचा दक्षिणी फिल्टर, म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला भोकं. दोन-तीन कपांचा पुरे. भांड्यांच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. पितळेचा दिसायला सुंदर, पण त्याला आतून कल्हई लागते. नवख्याने स्टीलच घ्यावं.
- डिजिटल वजनकाटा, निदान १ ग्रॅमपर्यंत अचूक. हा टाळू नका. गडद भाजलेली कॉफी हलकी आणि फुगलेली असते, हलकी भाजलेली जड. त्यामुळे “दोन चमचे” या मापाला काही अर्थ राहत नाही.
- हवाबंद, अपारदर्शक डबा.
- बिनदुधाची प्यायची असेल तर फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीचा दांडा खाली दाबून कॉफी गाळायचं भांडं. ३५० मिलीचा एका माणसाला बरोबर होतो.
- हाताने फिरवायचा बर ग्राइंडर, म्हणजे जात्यासारखं दळणारं छोटं यंत्र. हा पहिल्या महिन्यात नको, पण पुढे जी एकच वस्तू घ्याल ती ही असू द्या.
- पाणी उकळायला चहाचं पातेलं, वेळ मोजायला फोन.

न घेण्याच्या वस्तूंची यादी याहून महत्त्वाची. थर्मामीटर लागत नाही. चार-पाच हजारांतलं “एस्प्रेसो” मशीन तर अजिबात नको. एस्प्रेसोला, म्हणजे दाबाने काढलेल्या छोट्या दाट कॉफीला, साधारण ९ बार (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या नऊपट) दाब लागतो आणि तो कॉफीतून पाणी जाताना टिकावा लागतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले १५ किंवा २० बार हा पंपाचा कमाल आकडा असतो, कपातल्या कॉफीशी त्याचा फारसा संबंध नसतो. शिवाय एस्प्रेसोसाठी लागणारं बारीक आणि एकसारखं दळण करणारा ग्राइंडर अनेकदा मशीनइतक्याच किमतीचा असतो. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही.

३. पाकीट वाचायला शिका

माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सर्वात महत्त्वाची पायरी हीच आहे. इथे जरा वेळ घालवा.

भाजल्याची तारीख. पाकिटावर “पॅकिंग” आणि “बेस्ट बिफोर” बहुधा असतंच. तुम्हाला हवी ती भाजल्याची तारीख, रोस्ट डेट. भाजल्यावर कॉफीतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, म्हणून चांगल्या पाकिटाला एकाच दिशेने हवा सोडणारी छोटी झडप असते. भाजल्यापासून साधारण आठवड्याने कॉफी स्थिरावते आणि महिना-दीड महिना तिची चव चांगली राहते. हे झालं अख्ख्या बियांचं. दळलेली कॉफी दोन आठवड्यांतच मंदावते. त्यामुळे अर्धा किलोचं स्वस्तातलं पाकीट दिसलं तरी २०० किंवा २५० ग्रॅमचंच घ्या.

चिकोरी. ही एका झाडाची मुळी. ती भाजून, दळून कॉफीत मिसळतात. आपल्याकडे ती मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते. तिच्यात कॅफीन नसतं, रंग भरपूर असतो, फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा काढा दाट होतो आणि मागे गोडसर-कडवट चव राहते. चिकोरी म्हणजे भेसळ हा समज चुकीचा आहे. पाकिटावर प्रमाण छापलेलं असेल तर ते सरळ मिश्रण आहे आणि ते छापणं बंधनकारकच आहे. नियमाने अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. म्हणून ५३:४७ असं विचित्र प्रमाण दिसलं तर चक्रावू नका, उत्पादकाने रेषेच्या जरासं वर राहून स्वस्त माल बसवलाय एवढंच. नवख्यांनी ८०:२० पासून सुरुवात करावी. दाटपणा कमी वाटला तर ७०:३०. त्याच्या पुढे गेलात की कॉफी कमी आणि चिकोरीच जास्त पिता.

सुट्या पावडरीत चिकोरी आहे का, अशी शंका आली तर ग्लासभर थंड पाण्यावर चिमूटभर पावडर भुरभुरवा. कॉफी बराच वेळ वर तरंगते. चिकोरी पाणी शोषून लवकर खाली जाते आणि जाताना तपकिरी रेघा सोडते.

अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका उंचावरची, सुगंधी, किंचित आंबूस. रोबस्टा कमी उंचीवर पिकते, कडक असते आणि तिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट असतं. भारतात रोबस्टाचंच उत्पादन अधिक आहे. रोबस्टा म्हणजे हलका माल असं कॅफेवाले सुचवतात, पण दुधाच्या कॉफीत १०० टक्के अरेबिका अनेकदा फिकी पडते. तिथे थोडा रोबस्टा कामाला येतो.

प्लांटेशन, चेरी, पार्चमेंट. भारतीय व्यापारातले हे शब्द पाकिटावर दिसले की लोक बुचकळ्यात पडतात. फळाचा गर पाण्याने धुऊन काढलेली अरेबिका म्हणजे प्लांटेशन. तशीच धुतलेली रोबस्टा म्हणजे पार्चमेंट. आणि फळ आहे तसं उन्हात वाळवून मग सोललेली, अरेबिका असो की रोबस्टा, ती चेरी. धुतलेली कॉफी स्वच्छ चवीची लागते, चेरी जरा जड आणि फळाळ. पीबेरी म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी भरते ती. दिसते छान, भावही जास्त असतो. तेवढ्यासाठी सुरुवातीला जास्त पैसे मोजू नका.

मॉन्सून्ड मलबार हे नाव मात्र लक्षात ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात उघड्या बाजूंच्या गोदामांत कॉफी पसरून ठेवतात. दमट वारं खाऊन बी फुगते, पिवळट पडते आणि तिचा आंबटपणा जवळजवळ जातो. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाणारी कॉफी महिनोन्‌महिने समुद्रावर दमट हवेत राहून अशीच बदलायची. प्रवास लवकर व्हायला लागला तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकांना जुनी चव मिळेना, म्हणून ती मुद्दाम घडवायला लागले. ज्यांना कॉफीतला आंबटपणा सहन होत नाही, त्यांनी बिनदुधाची पहिली कॉफी हीच घ्यावी.

गावाचं नाव. चिकमगळूर, कोडगू, वायनाड, निलगिरी, आंध्रातलं अराकू, ओडिशातलं कोरापूट ही नावं वारंवार दिसतील. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आज त्यांचंच नाव आहे. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी पिकते, पण मोजकीच. तिथे फिरायला गेलात तर झाड जरूर बघा. लाल फळ तोडून चोखलं तर गोड लागतं, कॉफीची चव त्यात औषधालाही नसते. ती सगळी भाजल्यावर येते.

भाजणी. नवख्याने मध्यम भाजणी घ्यावी, दुधासाठी मध्यम ते गडद. अगदी हलक्या भाजणीची बी टणक असते, तिच्यातून चव काढायला दळण आणि पाणी दोन्ही नेमकं लागतं. बियांवर तेल चमकत असेल तर भाजणी गडद आहे, आणि ती लवकर खवट होणार.

हे सगळं डोक्यात ठेवायचा कंटाळा आला तर मुंबईकरांनी सरळ माटुंगा गाठावं. तिथे दक्षिणी सामानाच्या दुकानांमध्ये कॉफी दळून मिळते, दळताना वास रस्त्यापर्यंत येतो. “फिल्टरसाठी, ८०:२०, पाव किलो” एवढं म्हटलं की पुरे. इतर शहरांतही तमिळ किंवा कन्नड वस्तीच्या आसपास असं दुकान सापडतं.

४. दळण

बारीक दळलेल्या कॉफीतून चव लवकर उतरते, जाड कॉफीतून सावकाश. म्हणून भांड्याप्रमाणे दळण बदलतं. दक्षिणी फिल्टरसाठी बारीक, पण बोटांत रवाळपणा जाणवेल इतकं. फ्रेंच प्रेससाठी जाड, जाड्या रव्याहून जरा मोठं. फिल्टरला इडलीच्या रव्याएवढी जाड कॉफी घातली तर पाणी सरळ खाली निघून जाईल, आणि पिठासारखी घातली तर अर्ध्या तासाने बघाल तेव्हाही पाणी वरच असेल.

घरचा मिक्सर चालतो का? चालतो, पण पात्याने बी कापली जात नाही, फुटते. काही भुगा पिठासारखा, काही तुकडे डाळीएवढे राहतात. पीठ कडू करतं, तुकडे आंबट. त्यातल्या त्यात उपाय म्हणजे छोटं भांडं घ्यायचं, दोन-तीन सेकंदांचे झटके द्यायचे, प्रत्येक झटक्यानंतर भांडं हलवायचं आणि शेवटी पिठाच्या चाळणीने भुकटी काढून टाकायची. फ्रेंच प्रेससाठी याने बराच फरक पडतो. मिक्सरच्या भांड्याला काल वाटलेल्या मसाल्याचा वास नाही ना, हे आधी बघा. जिऱ्याचा वास कॉफीतून जात नाही.

बर ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चकत्यांमधून बी ठरावीक फटीतून जाते, त्यामुळे कण एकसारखे निघतात. जात्याचंच तत्त्व. तो घेईपर्यंत दुकानातूनच दळून आणा आणि आणताना भांड्याचं नाव सांगा. “कॉफी पावडर द्या” म्हणालात तर दुकानदार त्याला वाटेल ते देणार.

५. पाणी

कपात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, तरी याकडे कुणाचं लक्ष नसतं. धरणाचं, पालिकेच्या नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी कॉफीला चांगलं. बोअरच्या जड पाण्यात कॉफी मातकट, मुकी लागते. आरओचं पाणी उलट टोकाला जातं. त्यातले क्षार फारच कमी झाले की कॉफी पोकळ आणि तीक्ष्ण लागते, कारण चव ओढून घ्यायला पाण्यात थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं. आरओच्या मशीनवर टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) दिसत असेल तर १०० ते १५० च्या आसपास ठेवून बघा.

तापमानाची फार चिंता करू नका. हवं असतं ९२ ते ९६ अंश. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशाला उकळतं, पुण्यात साधारण ९८ ला आणि महाबळेश्वरला ९५-९६ लाच. म्हणजे मुंबईत उकळी आल्यावर गॅस बंद करून मिनिटभर थांबा, पुण्यात अर्धा मिनिट, आणि महाबळेश्वरला लगेच ओता.

६. फिल्टर कॉफी: प्रत्यक्ष कृती

दोन कपांसाठी २० ग्रॅम पावडर आणि १२० मिली पाणी.

फिल्टर कोरडा असू द्या. वरच्या, भोकं असलेल्या भांड्यात पावडर घाला आणि बाजूला हलक्या दोन टिचक्या मारून सपाट करा. चमच्याने दाबायचा मोह होतो, दाबू नका. आता फिल्टरबरोबर आलेली दांडीची चकती आत सोडा, ती पावडरीवर नुसती टेकली पाहिजे.

चकतीवर आधी दोन-तीन चमचे गरम पाणी गोल फिरवत सोडा आणि अर्धा मिनिट थांबा. कॉफी ताजी असेल तर या वेळी कडेने बारीक बुडबुडे येतात आणि पावडर किंचित फुगते. बुडबुडे आलेच नाहीत तर कॉफी बहुधा शिळी आहे, पुढच्या वेळी दुकान बदला. मग उरलेलं पाणी सावकाश ओता, झाकण लावा आणि तिथून निघून जा. दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघितल्याने काढा लवकर उतरत नाही.

काढा उतरायला १५ ते २० मिनिटं लागतात. पावडर आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे १२० मिली पाण्यातून खाली ८० मिलीच काढा मिळेल. पाणी कुठे गेलं म्हणून वरून परत ओतायचं नाही. दुसऱ्या पाण्याचा काढा फिका आणि कडवट असतो. तो घरात कोणाला चालत असेल तर वेगळा काढा, पहिल्यात मिसळू नका.

दूध पूर्ण साईचं, एकदाच तापवलेलं. सकाळपासून चार वेळा उकळलेल्या दुधाला जो शिजल्याचा वास येतो, तो कॉफी मारतो. पेल्यात आधी साखर, मग ४० मिली काढा, मग १०० ते १२० मिली गरम दूध. आणि शेवटी डबरा-पेल्यात (डबरा म्हणजे पेल्याखालची पसरट वाटी) कॉफी वर-खाली ओतणं. याने साखर विरघळते, फेस येतो आणि कॉफी पिण्याजोगी होते. हात बसेपर्यंत सिंकजवळ उभं राहून करा आणि पेला डबऱ्यापासून एकदम हातभर वर नेऊ नका.

काढा गॅसवर कधीही उकळायचा नाही. गार झाला असेल तर भांडं गरम पाण्यात ठेवा. सकाळचा काढा संध्याकाळपर्यंत झाकून चालतो, दुसऱ्या दिवशी मात्र त्यात फक्त कडूपणा उरतो.

फिल्टर धुताना साबण कमी आणि गरम पाणी जास्त. काही महिन्यांनी भोकं बुजतात आणि काढा थेंबथेंब येतो. तेव्हा वरचं भांडं सांडशीत धरून त्याचा तळ काही सेकंद गॅसच्या ज्योतीवर धरा. अडकलेली कॉफी जळून जाते, मग गार झालं की घासून घ्या. भांडं पूर्ण स्टीलचं असेल तरच हे करायचं.

आणि जायफळ? घाला की. काढ्यात नाही, दुधात, गॅस बंद केल्यावर, किसणीवर एकदाच ओढून. चिकोरीच्या कॉफीशी जायफळाचं छान जमतं. वेलची मात्र कॉफीचा वास खाऊन टाकते, निदान मला तरी तसं वाटतं. यावरून घरात वाद झाला तर माझं नाव सांगू नका.

७. फ्रेंच प्रेस: बिनदुधाची पहिली कॉफी

१८ ग्रॅम जाड दळलेली कॉफी, २७० मिली पाणी. म्हणजे एकास पंधरा. प्रेस आधी गरम पाण्याने विसळा, कॉफी घाला, सगळं पाणी एकदम ओता आणि ४ मिनिटं ठेवा. वर जाड साय धरल्यासारखा थर येतो. तो चमच्याने मोडा म्हणजे कॉफी खाली बसायला लागते, आणि उरलेला फेस काढून टाका. आणखी दोन-तीन मिनिटं थांबलात तर कप जास्त स्वच्छ मिळतो. मग दांडा हळू दाबा. जोर लावावा लागत असेल तर दळण बारीक झालंय. तिथेच थांबा, नाहीतर गरम कॉफी अंगावर उडेल.

कॉफी लगेच सगळी ओतून घ्या. प्रेसमध्ये ठेवली तर ती मुरत आणि कडू होत राहते. कपाच्या तळाशी थोडा गाळ राहतो, तो शेवटचा घोट सोडून द्यायचा.

प्रेस विकत घ्यायच्या आधी ही चव आवडते का ते बघायचं असेल तर चहाच्या पातेल्यात याच मापाने करून बघा. गॅस बंद, कॉफी घाला, झाकण, ४ मिनिटं, मग ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळा. चवीत फारसा फरक पडत नाही.

८. चव बिघडली तर

आंबट, पातळ, जिभेवर लगेच नाहीशी होणारी कॉफी: चव पुरती उतरलेली नाही. दळण बारीक करा, किंवा पाणी जास्त गरम घ्या, किंवा वेळ वाढवा.

कडू, घसा कोरडा करणारी कॉफी: चव जास्त उतरली. दळण जाड करा, वेळ कमी करा.

चव चांगली पण पाणचट: कॉफीचं वजन वाढवा, बाकी काही बदलू नका.

वास कार्डबोर्डसारखा: कॉफी शिळी. यावर उपाय नाही.

काढा तीन मिनिटांत उतरला: दळण जाड. अर्ध्या तासातही उतरला नाही: दळण फार बारीक, पावडर दाबली गेली किंवा भोकं बुजली.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा यातला कळीचा नियम. दळणही बदललं, पाणीही बदललं, नवी कॉफीही आणली, तर चव कशामुळे सुधारली ते कळणार नाही. फ्रीजवर एक कागद चिकटवून त्यावर ग्रॅम, मिली, मिनिटं आणि “आंबट / कडू / बरी” एवढंच लिहीत जा.

९. साठवण, आणि आपला पावसाळा

डबा हवाबंद, ओट्यापासून आणि उन्हापासून लांब. फ्रीजमध्ये ठेवू नका. कॉफी ओलावा आणि वास दोन्ही शोषते, आणि आपल्या फ्रीजमध्ये चिरलेला कांदा नाही असा दिवस विरळा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर दळलेली कॉफी चार दिवसांत गठ्ठे धरते. त्या महिन्यांत १०० ग्रॅमच आणा. ओला चमचा डब्यात घालणाऱ्या घरातल्या मंडळींशी आधीच बोलून ठेवा.

१०. पुढच्या वाटा, थोडक्यात

दोन-तीन महिने फिल्टर किंवा प्रेसवर हात बसला की मग पुढचं बघा. कागदी गाळणीतून पाणी ओतून करायची कॉफी, म्हणजे पोअर ओव्हर, हलक्या अरेबिकासाठी उत्तम. १५ ग्रॅमला २५० मिली, तीन मिनिटांच्या आसपास. जर्मनीत मेलिटा बेंझ या गृहिणीने १९०८ साली कागदी गाळणीचं पेटंट घेतलं, तिथून ही पद्धत सुरू झाली. इटलीचा मोका पॉट, म्हणजे गॅसवर वाफेच्या दाबाने कॉफी करायचं भांडं, १९३३ पासूनचा. त्याची कॉफी दाट होते आणि दूध घालून फिल्टरच्या जवळ जाते. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा मोका पॉट चालत नाही, हे ऑर्डर करायच्या आधी बघा. एरोप्रेस (प्लास्टिकच्या नळीतून दाबून कॉफी गाळायचं साधन) वसतिगृहात राहणाऱ्यांना आणि सतत प्रवास करणाऱ्यांना सोयीचा, पडला तरी फुटत नाही. यातलं काहीही घेण्याआधी बर ग्राइंडर घेतलेला असावा.

११. किती प्यायची, आणि गाळाचं काय करायचं

निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं असं सर्वसाधारणपणे मानतात. गरोदरपणात ही मर्यादा २०० आहे. रोबस्टा पीत असाल तर कप कमी मोजा. अंगातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचच्या कपातलं निम्मं रात्री दहाला अजून काम करत असतं. रक्तातलं लोह कमी असेल तर जेवणाला लागून कॉफी पिऊ नका, अन्नातलं लोह शोषलं जायला ती अडथळा करते. जेवण आणि कॉफीत तासाभराचं अंतर ठेवा.

गाळ सिंकमध्ये टाकायचा नाही, पाइपात बसतो आणि मग प्लंबर बोलवावा लागतो. ओल्या कचऱ्यात टाका किंवा खताच्या बादलीत पालापाचोळ्याबरोबर मिसळा. कुंडीत नुसता थापला तर त्याची वर पापडी धरते, पाणी मुळांपर्यंत जात नाही आणि आठवड्यात बुरशी येते. वाळवून, मूठभर, मातीत नीट कालवून घातला तर चालतो.